लहान धक्के चांगले

११ जून

धाकट्या,

पहिल्या ओळीत आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिला. घ्यायचा तर घे.

तुझी तब्येत विचारत नाही. पेपरात फोटो बघितला, गाल चांगले वर आलेत. आईने तो फोटो कापून घेतला आणि माझ्याकडून त्याला काच बसवून घेतली. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, पण आधी तुझा फोटो. मी काय, घरचीच काचवाली.

काम एकच आहे. आईला पत्र लिही. त्यात एवढीच ओळ लिही: ‘आई, जमीन हलली की लगेच बाहेर जा.’ खाली तुझी सही. बाकी काही नको. माझी चौकशी नको, ‘ती. ताईस’ नको, राजधानीतली हवा कशी आहे तेही नको.

का ते सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण हल्ली तुला माहीत असलेल्या गोष्टीही कुणीतरी आठवून द्याव्या लागतात. धरणात पाणी चढायला लागलं की आपल्याकडे जमीन आधी गुरगुरते आणि मग हलते. त्या गुरगुरण्यावर अख्खी गल्ली बाहेर येते. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या एकाच पायात चप्पल. हसतात, एकमेकांना नावं ठेवतात, आत जातात. आईला ते गुरगुरणं ऐकू येत नाही. तू गेलास तेव्हा ओरडून बोललं तर थोडं कळायचं, आता तेही नाही. दुधी काचेच्या तुकड्यावर पेन्सिलने लिहून दाखवते तिला आणि ओल्या फडक्याने पुसते. त्यामुळे तू फोन करतो म्हणशील तर उपयोग नाही.

हलायला लागलं की तिला कळतं. खुर्ची थरथरते, कपबशा वाजतात ते दिसतं. पण ती उठत नाही. खुर्चीचे हात धरून बसते, धक्का सरला की हसते आणि म्हणते, “सुटला एक.”

तुझंच वाक्य आहे ते, फक्त तिने लहान करून घेतलंय. खात्याचा भूगर्भतज्ज्ञ म्हणून शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली होतीस, पहिल्या रांगेत आई बसली होती. ‘लहान धक्के चांगले असतात. जमिनीतला ताण थोडा थोडा सुटतो आणि मोठा धक्का टळतो. घाबरून घराबाहेर पळायची काही गरज नाही.’ टाळ्या पडल्या. आईने मला कोपराने ढोसलं, काय म्हणाला ते लिही. मी माझ्या हाताने तिला ते लिहून दाखवलं. तिने मान डोलावली आणि मागे वळून सगळ्या हॉलकडे बघितलं. माझा आहे हा, असं.

आणि त्याच संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून तू मला काय म्हणालास? “ताई, इतक्या घाईने पाणी भरायला नको. ते खाली झिरपतं, खडकातल्या भेगांत दाब वाढवतं. लहान धक्के बसले म्हणून मोठा टळला, असं काही नसतं. हललं की आईला घेऊन बाहेर पड.” मी विचारलं, मग सभेत उलटं का सांगितलंस? म्हणालास, लोक घाबरले असते. पुढच्याच महिन्यात तुझी बढती झाली आणि तू गेलास. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी तेव्हा म्हटलं आणि तू बॅग उचललीस. तेव्हापासून मला पत्र नाही. असो.

आईची खुर्ची मागच्या खोलीत आहे, दगडी भिंतीला लागून, वर माळा. माळ्याच्या तुळईने भिंत सोडायला सुरुवात केली आहे. मी पुट्टी भरते, पुढच्या धक्क्याला पुट्टी गळून पडते. पाऊस सुरू झालाय, तलाव भरायला लागलाय. एक ओळ लिही.

ताई

२ जुलै

साहेब,

आपलं पाकीट पोचलं. वर पत्ता टाइप केलेला, आत खात्याचं छापील पत्रक. चिठ्ठी पडली असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. नव्हतीच.

पत्रकावर चित्र आहे. बाप, आई, दोन पोरं घरात बसून हसतायत आणि खिडकीतून धरण दिसतंय. खाली छापलंय, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. तुझ्या खात्यात चित्रकार बरे ठेवलेत. त्या बाईला बघून मला पण एवढं निश्चिंत बसावंसं वाटलं.

आईने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मागची बाजू कोरी होती, तीही बघितली. मग विचारलं, “त्यानेच काढलंय ना?” मी काचेवर लिहिलं, खात्याने. ती म्हणाली, “खातं म्हणजे तोच.” आणि मग पुढे काय झालं असेल ओळख बघू. बरोबर. मी त्याला फ्रेम केली. चांगली सागाची पट्टी लावली, काच कापली, मागे पुठ्ठा ठोकला आणि तिच्या खुर्चीसमोर टांगली. आता धक्का आला की ती त्या हसऱ्या कुटुंबाकडे बघत बसते. ती फ्रेम खिळ्यावर डुलते आणि आई म्हणते, सुटला एक.

समोरचे घड्याळवाले काका येऊन ते वाचून गेले. त्यांनाही एक हवंय. आई आणि काका, दोघंच उरलेत गल्लीत जे बाहेर येत नाहीत. काका म्हणतात, साहेबांनी शास्त्र सांगितलंय, मी शास्त्र मानणारा माणूस, तुमच्यासारखा भित्रा नाही. डोळ्याला भिंग लावून बसून राहतात. टेबलावरचे स्क्रू गडगडत खाली पडतात, मग तासभर शोधत बसतात.

मला धंद्याचं विचारशील तर उत्तम चाललंय. लोकांची घरं हलतात आणि माझ्या दुकानात रांग लागते. परवा एका बाईने तोंडावर विचारलं, तुम्ही वर धरणावर जाऊन पाणी सोडायचं नाही असं सांगून येता का हो? मी हसले. आत जाऊन रडले, पण ते तुला कशाला सांगते.

पत्रक नको होतं, रे. तुझं अक्षर हवं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, तरी पुन्हा लिहिते: एक ओळ. सही.

ताई

२६ जुलै

धाकट्या,

काल फोनवर जे म्हणालास ते आधी माझ्या शब्दांत लिहून काढते, म्हणजे मी चुकीचं ऐकलं असेल तर तुला सांगता येईल.

मी वाण्याच्या दुकानातून बोलत होते, मागे लोक साखर मोजून घेत होते. तू म्हणालास, “ताई, चौकशी चालू आहे. धक्के धरणामुळे बसतात की नाही हेच तर समितीला ठरवायचंय. अशा वेळी माझ्या सहीचा, बाहेर पळा म्हणणारा कागद कुणाच्या हाती लागला तर? वकिलांनी स्पष्ट सांगितलंय, लिहून काही द्यायचं नाही.” मी विचारलं, आईलासुद्धा? तू म्हणालास, “आईलासुद्धा.” मग म्हणालास, “तूच ने ना तिला ओढून बाहेर.”

उंटावरून शेळ्या हाकणं फार सोपं असतं. ओढून बघितलं मी. मागच्या आठवड्यात गुरगुरलं तेव्हा मी दुकानातून धावत आत गेले आणि तिचा दंड धरला. तिने दुसऱ्या हाताने खुर्ची धरली. आमची झटापट चालली होती आणि वर तुळई कुरकुरत होती. धक्का सरल्यावर तिच्या दंडावर माझी बोटं उमटलेली दिसली. म्हाताऱ्या आईच्या अंगावर वळ उठवणारी लेक झाले मी. तिने पदराने दंड झाकला आणि म्हणाली, “सुटला ना एक? मग?”

आणि हो, आता चोरी सांगते. तुझं पत्र मीच लिहिलं. तुझं अक्षर म्हणजे माझंच अक्षर, हात धरून मी गिरवून घेतलंय तुझ्याकडून, जड काय होतं त्यात. तुझ्या पाकिटावरचा टाइप केलेला पत्ता कापून नव्या पाकिटावर चिकटवला. आत लिहिलं, ‘प्रिय आई, तुझी फार काळजी वाटते. जमीन हलली की सगळं सोडून बाहेर जा. खुर्ची अंगणात घेऊन बस. माझ्यासाठी एवढं कर.’ पोस्टमनच्या वेळेला तिच्या हातात दिलं.

तिने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

“छान लिहिलंयस,” म्हणाली. “पण तो असं लिहीत नाही. त्याच्या पत्रात हवापाणी असतं आणि कामाची गर्दी असते. एवढी काळजी त्याला सुचत नाही.”

रागावली नाही. मलाच राग आला. मी काचेवर दाबून दाबून लिहिलं, पेन्सिलीचं टोक मोडलं: मग मी सांगते म्हणून तरी ये ना! माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, “तुला काय वाटतं, मला भीती वाटत नाही? पण साहेबांची आईच पळाली तर गल्ली काय म्हणेल? आईलाच लेकाचा भरवसा नाही म्हणतील. मग त्याचं काय राहिलं?”

समजलं का, समितीच्या साक्षीदारा? तुझं म्हणणं पटलंय म्हणून ती बसत नाही. तुझी अब्रू राखायला बसते. तुळईखाली.

ताई

१९ ऑगस्ट

धाकट्या,

समितीबरोबर तू आलास, तास अर्धा तास बसलास आणि गेलास. गेल्यावर इथे काय झालं ते तुला कळायला हवं. आणि तू असताना काय झालं तेही लिहिते, कारण जीपमध्ये बसताना तू म्हणालास, “भिंत बाहेरून बघायला गेलो होतो.” मी तेव्हा गप्प बसले. समितीचे लोक उभे होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

आई सकाळपासून तयार होती. कुठली साडी नेसू हे मला चारदा विचारलं. तुला तिने स्वतःच्या खुर्चीत बसवलं. स्वतः तुझ्यासमोर स्टुलावर बसली आणि तुझं तोंड बघत राहिली, ओठ वाचायला. तू समितीविषयी बोलत होतास, तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण मान डोलावत होती.

मग मी तुझ्या हातात दुधी काच आणि पेन्सिल दिली. आठवतंय ना काय म्हणाले? म्हटलं, “हे घे. फडकं मारलं की पुसलं जातं. ना कागद, ना सही, ना वकील. कुणी कोर्टात नेऊ शकणार नाही. ती समोर बसली आहे. लिही.” तू माझ्याकडे बघितलंस. दाराकडे बघितलंस, बाहेर जीपपाशी तुझे साहेब सिगारेट ओढत उभे होते. पेन्सिल टेकवलीस. मला वाटलं, लिहितोय. आणि तू लिहिलंस, ‘आई, चहा छान झालाय.’

ती केवढी खूश झाली! किटली उचलून तुला आणखी ओतायला लागली.

तेवढ्यात गुरगुरलं. तुला ऐकू आलं, मला ऐकू आलं, तिला नाही. ती मान खाली घालून कपात चहा ओतत होती. खुर्ची मागे पडली ती तिला जमिनीतून कळली. तिने मान वर केली तेव्हा तुझी पाठ दाराबाहेर चालली होती. आणि पळालास तरी कुठून? मागचं दार तिथेच होतं, उघडं होतं, बाहेर मोकळं अंगण. तू दुकानातून पळालास, दोन्हीकडे उभ्या केलेल्या काचांच्या मधून! काचवाल्याच्या घरात जन्मलेला माणूस. एक तावदान कलंडलं असतं तर तुझे तुकडे गोळा करावे लागले असते. भूकंपाचं शास्त्र सोड, बापाचा धंदा पण विसरलास.

मग धक्का आला. मी आईला धरून उभी होते. ती हलली नाही. गरम चहा तिच्या मनगटावर सांडला, तरी किटली सोडली नाही. फक्त दाराकडे बघत होती.

बाहेर गल्ली जमली होतीच. सगळ्यांनी बघितलं. साहेब, म्हणजे तू, रस्त्याच्या मधोमध, हातात माझा चहाचा रुमाल, आणि तुझे ते सिगारेटवाले साहेब जीपच्या पलीकडे उकिडवे बसलेले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आता तू गेल्यानंतरचं. आई मनगटावर पाणी ओतत होती. मी काही लिहिलं नाही. फडकं चालवून तुझा छान झालेला चहा पुसून टाकला. तिने आपण होऊन उशी उचलली, गोधडी उचलली आणि म्हणाली, “माझी खाट अंगणात टाक.” मी टाकली. वर ताडपत्री बांधली. शेजारणीने खुणेने विचारलं, का हो, आज बाहेर? आई मोठ्याने म्हणाली, तिला कळत नाही ना आवाज किती लागतो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “तो बाहेर गेला ना! म्हणजे बाहेर जायचं असतं.”

पंधरा जणांच्या समितीला जे सांगत नाहीस ते तुझ्या पायांनी सांगून टाकलं. मला जे हवं होतं ते मिळालं. मी आनंदात असायला हवं.

घड्याळवाले काका मात्र बिथरलेत. म्हणतात, सभेतला साहेब खरा, हा पळणारा तोतया. मी पळपुट्यांत नाही. आई त्यांना हाका मारते, ते खिडकी लावून घेतात.

ताई

३० ऑगस्ट

तुझं पत्र मिळालं.

पत्र! तुझ्या हातचं, तुझ्या शाईचं, खाली तुझी सही. पोस्टमनने दारातून ओरडून सांगितलं, साहेबांचं आलंय. नशीब आई ऐकत नाही.

मला वाटलं, शरम वाटली असेल. दुकानात उभ्यानेच फोडलं.

‘आई अंगणात झोपते असं कळलं. एका वार्ताहराने तिचा फोटो काढून नेला आहे. भूगर्भतज्ज्ञांची आई घराबाहेर, असा मथळा देणार आहेत. समितीचं कामकाज संपेपर्यंत कृपया आईला घरात झोपव. घर भक्कम आहे, मी स्वतः पाहिलं आहे. हे पत्र तिला दाखव म्हणजे ती ऐकेल.’

ऐकेल रे. तेच तर. हे तिने एकदा बघितलं असतं तर उशी उचलून निमूट आत गेली असती. मला चांगलं माहीत आहे.

इतके दिवस मी एक ओळ मागत होते, तेव्हा वकील आडवे आले. आता आठ ओळी लिहून दिल्यास, सहीसकट! हे कागद कुणाच्या हाती लागत नाहीत वाटतं? ‘मी स्वतः पाहिलं आहे.’ काय पाहिलंस? मान वर करून ती तुळई तरी बघितलीस का? तू तिच्या बरोब्बर खाली बसला होतास.

पत्र मी शेगडीवर धरलं. पूर्ण जळेपर्यंत उभी राहिले. आई आत आली, तिला वास आला, म्हणाली, “काय जाळतेस?” मी लिहिलं, जुनी रद्दी. तिने विचारलं, “त्याचं पत्र नाही ना आलं?” मी मान हलवली, नाही.

वर धरणात पाणी शेवटच्या खुणेला टेकलंय म्हणतात. पाहुणे बोलावून फोटो काढलेत. रोज गुरगुरतं.

ताई

१४ सप्टेंबर

धाकट्या,

तुला बातम्या तुझ्या खात्याकडून मिळाल्या असतील. आमचं बरं आहे. तू पाठवलेला माणूस आमची चौकशी करायला आला होता, त्याच्याकडे मी निरोप दिला नाही, कारण हे तोंडी सांगायचं नव्हतं.

दुपारी झालं. आई जेवून अंगणात पडली होती. मी दुकानात एकाच्या खिडकीची मापं घेत होते. या वेळी गुरगुरणं आणि हलणं यात अंतरच नव्हतं. मी गिऱ्हाइकाला ढकललं आणि त्याच्या मागून रस्त्यावर पडले. दुकानातल्या सगळ्या काचा, सगळ्या, एकदम खाली आल्या. तो आवाज अजून कानात आहे. उठून गल्लीतून वळसा घालून मागे धावले. धुळीत काही दिसेना. हाका मारत होते, आई, आई, आणि मारता मारता लक्षात आलं की कुणाला हाका मारतेय मी.

खाटेवर बसली होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. ताडपत्री तिच्या मांडीवर पडलेली.

मागची खोली गेली. तुळई खुर्चीवर उतरली आहे. खुर्ची दिसत नाही, नुसतं लाकूड आणि दगड. तुझा फोटो आणि ते हसरं कुटुंब, दोन्ही त्याच्याखाली.

घड्याळवाले काका गेले. खिडकी लावून आत बसले होते. ज्यांनी बाहेर काढलं ते म्हणतात, भिंग डोळ्यालाच होतं. त्यांच्या बायकोने मला काही विचारलं नाही, आणि तुझं नावही घेतलं नाही. मैदानावर सगळ्यांना तंबू दिलेत, ती आमच्याच शेजारच्या तंबूत आहे. मी तिच्याकडे बघू शकत नाही. तू ये आणि बघ.

आता म्हणे पाणी हळूहळू खाली उतरवणार आहेत. बैल गेला आणि झोपा केला. समिती आणखी अभ्यास करणार आहे, तुलाही बोलावणार असतील. काय बोलायचं ते तुझं तू बघ. मी एकेकाळी सांगितलं असतं. आता माझी ताकद संपली.

हे पत्र लिहिण्याचं कारण निराळं आहे.

आई इथे मैदानावर सगळ्यांना सांगत असते, माझ्या लेकाने मला वाचवलं. मोठ्याने सांगते, तिच्या नेहमीच्या आवाजात. तो बाहेर गेला, मी बाहेर गेले, म्हणून जगले. लोक माना डोलावतात. काहीजण तोंड फिरवतात. घड्याळवाल्या काकी तंबूत असल्या तरी आई सांगते, आवाज तिथवर जातो हे तिला कळत नाही. मी अडवत नाही. सत्याला धरूनच बोलतेय बिचारी, तू पळालास म्हणूनच वाचली.

पण काल तिने मला जवळ बसवलं. दुधी काच ढिगाऱ्यात गेली, म्हणून एक पुठ्ठा आणि खडू घेतलाय आम्ही. तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “मला एक सांग. त्या दिवशी मी चहा ओतत होते, माझी मान खाली होती. तो उठला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं का?”

मी खडू धरून बसले. मला सगळं दिसत होतं, धाकट्या. तू तिच्याकडे बघितलं होतंस. नीट बघितलंस. ती ओततेय हे बघितलंस, तिला ऐकू आलं नाही हे तुला कळलं, ते तुझ्या तोंडावर मी वाचलं. हात पुढे केला असतास तर तिच्या खांद्याला लागला असता. मग तू पळालास. न बघता पळाला असतास तर मी म्हटलं असतं, घाबरला, माणूस आहे. इतके दिवस मी तुला वाट्टेल ते लिहिलं, पण हे लिहिलं नव्हतं. आज लिहिलं, कारण हे फक्त तुला आणि मला ठाऊक आहे, आणि तुला वाटायला नको की मला ठाऊक नाही.

पुठ्ठ्यावर मी लिहिलं, ‘बघितलं. हाक पण मारली. आई, चल, म्हणून दोनदा ओरडला. तुला ऐकू आलं नाही.’

तिने वाचलं. माझी चोरी एकदा पकडलेली बाई आहे ती. ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, खडू पुसला जाईपर्यंत. मग म्हणाली, “मला मेलीला कुठलं ऐकू यायला.”

आज सकाळपासून ती मैदानभर तेही सांगतेय. त्याने हाका मारल्या, मीच बहिरी.

म्हणून नीट वाच आणि पाठ कर. हे लिहून दिलेलं चालेल ना वकिलांना? तू खुर्चीवरून उठलास, आईकडे वळलास आणि ‘आई, चल’ म्हणून ओरडलास. कधी आलास आणि तिने विचारलं, तर चाचरू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, हवापाण्यावर जाऊ नकोस. दोनदा ओरडलास. आई, चल. आई, चल.

ताई